भारत हरला की टीम हरली? फलकावरचं भांडण मिटवायचं कसं

पत्र: आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्ही पंधरा-सोळा जण भारताचे फुटबॉल सामने क्लब हाउसमधल्या टीव्हीवर एकत्र बघतो. सामना झाला की फाटकाजवळच्या पांढऱ्या फलकावर चार-पाच ओळींचा वृत्तान्त लिहिण्याची पद्धत आहे. ते काम मी सांभाळते. १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशकडून हरल्यावर एका मुलाने लिहिलं, ‘ढाकामध्ये भारताने हरला. टीमने चुका केल्या पण शेवटपर्यंत लढला.’ आमच्यातले एक निवृत्त मराठीचे शिक्षक लाल मार्करने त्यावर गोल काढून गेले. तेव्हापासून दोन तट पडले आहेत. आता सामना चालू असतानाही ‘टीम जिंकला नाही, जिंकली’, ‘हरवला नाही, हरवलं’ हेच सुरू असतं. त्यात आमच्यातला कोल्हापूरचा मुलगा एकदा ‘काय खेळालाय!’ म्हणाला आणि सर सगळ्यांसमोर बोलून गेले, ‘आधी मराठी बोलायला शीक.’ फुटबॉल आमच्यात सगळ्यांत जास्त त्यालाच कळतो. तो आता येत नाही. काहींना दर चुकीला दहा रुपयांची दंडपेटी हवी आहे, काहींना व्याकरणावर बोलायचीच बंदी हवी आहे. मी काय करू? फलकावर नेमकं काय लिहायचं तेही सांगा.
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: दंडपेटी नको आणि बंदीही नको. पण या दोन्हींच्या आधी त्या कोल्हापूरच्या मुलाकडे जा. फलक एक आठवडा चुकीचा राहिला तर फार बिघडत नाही. तो मुलगा मात्र आणखी दोन सामने आला नाही तर पुन्हा येणार नाही.

त्याला मेसेज पाठवू नका, प्रत्यक्ष भेटा. ‘मनावर घेऊ नकोस’ असं म्हणू नका. त्या वाक्यात दोष त्याच्या मनाचा ठरतो, आणि दोष त्याचा नाहीच. ‘जे झालं ते चुकीचं झालं, पुढच्या सामन्याला ये, तुझ्याशी बोलायला मिळत नाही म्हणून बघण्यात मजा नाही’ एवढं पुरे. तो आल्यावर आणखी एक गोष्ट सांभाळा. ‘जरा कोल्हापुरीत बोलून दाखव ना’ असा प्रेमळ आग्रह कुणीतरी करतंच, तो करू देऊ नका. टोकलेल्या माणसाला तमाशाचा विषय केलेलं तितकंच लागतं.

आणि हे तुमच्या सगळ्या मंडळींना माहीत असायला हवं की ‘खेळालाय’ ही चूक नाही. कोल्हापूर-सांगलीकडे चालू वर्तमानकाळ असाच बोलतात: करालाय, जेवालाय, खेळालाय. त्यालाही नियम आहेत. तो खेळालाय, ती खेळालीय, ते खेळालेत. कर्ता बदलला की रूप बदलतं, अगदी पुण्यातल्या रूपासारखंच. पुण्यात आपण ‘खेळतोय’ म्हणतो तेही ‘खेळतो आहे’ याचं बोलण्यात आखूड झालेलं रूप आहे. छापील लेखनात ‘खेळत आहे’ लिहायचं असेल तर ‘खेळालाय’ आणि ‘खेळतोय’ दोन्ही बाजूला ठेवावी लागतील. एकाला शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध म्हणायला व्याकरणात आधार नाही. महाराष्ट्रात फुटबॉलचं गाव म्हणायचं तर ते कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या संघांचे सामने बघत तिथली पोरं मोठी होतात. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. त्या गावातून आलेला माणूस खेळाबद्दल काय म्हणतोय ते आधी ऐकायचं असतं.

सरांशी वेगळं बोला, त्यांच्या घरी जाऊन, सामन्याच्या दिवशी नाही. त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलात तर ते बचावाला उभे राहतील आणि बोलणं पुन्हा विभक्तीवर जाईल. विनंती घेऊन जा: ‘सर, फलक लागण्याआधी तुम्ही तपासून द्यावा अशी आमची इच्छा आहे. खोलीत जे बोललं जातं ते मात्र तपासायचं नाही. आणि त्या मुलाला तुम्ही स्वतः एकदा बोलावलंत तर त्याला बरं वाटेल.’ सरांनी ते वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं होतं, तेव्हा बोलावणंही सगळ्यांसमोर झालं तर उत्तम. पण माफी मागायला लावू नका. लावलेल्या माफीने दोघंही अवघडतात, आणि मग दोघंही येईनासे होतात.

दंडपेटी का नको, तेही मंडळींना सांगा. दंडाने चुका कमी होत नाहीत, बोलणं कमी होतं. ज्याच्या घरात पुस्तकी मराठीच्या जवळची भाषा बोलतात त्याला महिनाभर एक रुपयाही पडणार नाही. कोल्हापूर, लातूर, नागपूरकडून आलेल्याला एका पूर्वार्धात पन्नास रुपये पडतील. शिवाय चूक कोणती हे ठरवणार कोण, यावर नवं भांडण उभं राहील, कारण ज्यावरून तुमच्याकडे वाद होतात त्यातल्या निम्म्या जागी दोन्ही रूपं बरोबर आहेत. उदाहरणं पुढे देतो. बंदीचंही तसंच. बंदी घातली की फलक चुकतच राहतो, आणि तो फलक सोसायटीतली शाळकरी मुलं येता-जाता वाचतात.

भांडण पेटतं कधी, याकडे लक्ष द्या. तुमचं पेटलं ते ढाक्यातल्या पराभवानंतर. त्याआधी १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने भारताला २-१ असं हरवलं होतं आणि २०२७ च्या आशियाई चषकाचा रस्ता तिथेच बंद झाला होता. लोक चिडलेले होते. बचावफळीला किंवा प्रशिक्षकाला कोथरूडमध्ये बसून जाब विचारता येत नाही, शेजारी बसलेल्याच्या क्रियापदाला विचारता येतो. म्हणून नियम वेळेचा करा. सामना सुरू होण्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून शेवटच्या शिट्टीनंतर दहा मिनिटांपर्यंत कुणीही कुणाची भाषा सुधारायची नाही. शिट्टीनंतरची दहा मिनिटं महत्त्वाची, हरल्यावर तर फारच. एखाद्याला अगदी राहवलंच नाही तर बरोबर रूप आपल्या पुढच्या वाक्यात सहज वापरावं, बोट दाखवू नये. कुणी म्हणालं ‘टीम दमला’, तर ‘हो ना, साठाव्या मिनिटालाच टीम दमली’ एवढं म्हणून खेळाकडे वळावं. ज्याला ऐकू जायचं त्याला जातं.

आता फलक. तो लेखी आहे, सार्वजनिक आहे, तेव्हा तिथे काटेकोर राहणं योग्यच. सरांचा आग्रह त्या जागी शंभर टक्के बरोबर आहे, फक्त लाल गोल लागल्यानंतर नको, लागण्याआधी हवा. व्यवस्था साधी ठेवा. एकाने कागदावर साठ-सत्तर शब्दांत लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, तिसऱ्याने फलकावर उतरवायचं. रात्री उशिरा सामना संपला तर त्याच रात्री लिहू नका, सकाळी लिहा. झोपेत आणि रागात नावांच्या चुका सर्वाधिक होतात. तपासण्याचा क्रमही ठरवा: आधी गोलसंख्या, मग नावं आणि तारीख, मग स्पर्धेचं नाव, मग कर्ता-क्रियापदाचा मेळ, आणि सगळ्यांत शेवटी ऱ्हस्व-दीर्घ. तुमच्याकडे सध्या हा क्रम उलटा चालतो असं पत्रावरून दिसतं.

त्या दोन वाक्यांकडे येऊ. ‘भारताने हरला’ चूक, ‘भारत हरला’ बरोबर. मराठीत कर्म घेणारी बहुतेक क्रियापदं भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लावतात: भारताने गोल केला, भारताने संधी दवडली. पण काही क्रियापदं कर्म असूनही तो लावू देत नाहीत: ती धडा शिकली, तो नाव विसरला, आम्ही चहा प्यालो. ‘हरणे’ त्यांच्यातलं. कर्म असो वा नसो, ‘भारत हरला’, ‘भारत सामना हरला’. ‘ने’ हवाच असेल तर क्रियापद बदला: ‘भारताने सामना गमावला’. ही चूक होते ती ‘भारताने गमावला’ आणि ‘भारत हरला’ ही दोन वाक्यं डोक्यात एकत्र आल्यामुळे, मराठी येत नसल्यामुळे नव्हे.

‘जिंकणे’ मात्र दोन्ही बाजूंनी चालतं. ‘भारत सामना जिंकला’ आणि ‘भारताने सामना जिंकला’, दोन्ही बरोबर. पहिल्यात क्रियापद भारतामागे जातं, दुसऱ्यात सामन्यामागे. सामना पुल्लिंगी असल्यामुळे फरक दिसत नाही. स्पर्धा घेतली की दिसतो: ‘भारत स्पर्धा जिंकला’, ‘भारताने स्पर्धा जिंकली’. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांना तर ‘ने’ दिसतच नाही, त्यामुळे ‘आपण स्पर्धा जिंकलो’ आणि ‘आपण स्पर्धा जिंकली’ दोन्ही ऐकू येतात आणि दोन्ही ठीक आहेत. यावर भांडायचं काही कारण नाही.

‘हरवला’ की ‘हरवलं’ याला मात्र पक्कं उत्तर आहे. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कर्त्याकडेही बघत नाही, कर्माकडेही बघत नाही, नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. ‘भारताने मालदीवला हरवलं.’ पुरुष संघ असो, महिला संघ असो, समोर कुठलाही देश असो, ‘हरवलं’ किंवा ‘हरवले’.

आता दुसरं वाक्य: ‘टीमने चुका केल्या पण शेवटपर्यंत लढला.’ यातलं ‘टीमने चुका केल्या’ अगदी बरोबर आहे, त्यावर लाल गोल पडला असेल तर तो पुसून टाका. बिघडलं ते पुढे. लिहिणाऱ्याच्या मनात पहिल्या वाक्यातला ‘भारत’ होता आणि कागदावर ‘टीम’ आली. टीम लढली, संघ लढला, भारत लढला. उपाय एकच: एका वृत्तान्तात संघासाठी एकच शब्द ठरवायचा आणि शेवटपर्यंत तोच ठेवायचा. आम्ही ‘भारत’ किंवा ‘भारतीय संघ’ सुचवू. लिंगाचा घोळ बहुतेक परभाषी शब्दांवरच होतो, म्हणून रोजच्या वापरातल्या शब्दांची एक चिठ्ठी फलकाच्या मागच्या बाजूला चिकटवून ठेवा. मॅच, टीम, लीग, फायनल, किक, पेनल्टी स्त्रीलिंगी. गोल, पास, कॉर्नर, कप पुल्लिंगी. कार्ड, स्टेडियम नपुंसकलिंगी: पिवळं कार्ड मिळालं, स्टेडियम भरलं. यामागे नियम शोधत बसू नका. सामना पुल्लिंगी आणि मॅच स्त्रीलिंगी, म्हणजे अर्थावरून ठरतं म्हणावं तर तेही नेहमी खरं नाही. वापराने रूढ झालं तेच लिंग.

देशांच्या नावांत खरी अडचण येते ती आकारान्त आणि ईकारान्त नावांशी. भारत, जपान, इराण, कतार जिंकला. इथे कुणी अडत नाही. श्रीलंका जिंकली, तीही सोपी. पण अर्जेंटिना जिंकला की जिंकली? जर्मनी हरला की हरली? दोन्ही लिहिलेलं सापडतं, आणि तुमच्या क्लब हाउसमध्ये यावर अर्धा तास जाऊ शकतो. तो वाचवण्याची युक्ती म्हणजे कर्त्याला ‘ने’ लावून ‘सामना’ हे कर्म ठेवा: ‘अर्जेंटिनाने सामना जिंकला’, ‘जर्मनीने सामना गमावला’. क्रियापद सामन्यामागे जातं, देशाच्या लिंगाचा प्रश्नच उरत नाही. नाहीतर ‘अर्जेंटिनाचा संघ’ लिहा.

महिला संघाच्या वेळी हाच वाद वेगळ्या रूपात येईल. ५ जुलै २०२५ ला चिआंग माईत भारताच्या महिला संघाने थायलंडला २-१ असं हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरने केले, आणि संघ २०२६ च्या महिला आशियाई चषकासाठी पात्र ठरला. ‘महिला संघ पात्र ठरला’ हेच बरोबर. खेळाडू महिला असल्या तरी ‘संघ’ हा शब्द पुल्लिंगी आहे. ‘मुली पात्र ठरल्या’ असंही लिहा, छान वाटतं, पण ‘महिला संघ पात्र ठरली’ नको.

ढाका. जुन्या ओळखीचं, आकारान्त गाव, तेव्हा ‘ढाक्यात’, जसं गोव्यात, आग्र्यात. ‘ढाकामध्ये’ वाचून अर्थ कळतो, पण मराठी कानाला खटकतं. दूरच्या गावांना हा आग्रह नको. ‘जकार्तात’ लिहिलेलं ठीकच आहे. कोल्हापूरचं उदाहरण मुद्दाम देतो: कोल्हापूरचा, कोल्हापूरला यांत ‘पू’ दीर्घ, पण ‘कोल्हापुरात’ मध्ये ऱ्हस्व, कारण तिथे शब्दाचं सामान्यरूप झालं.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले, १९७२ मध्ये आणखी चार आले, असे एकूण अठरा. फलकाला त्यातले तीन-चार पुरतात. शेवटचा इकार-उकार दीर्घ (संधी, खेळाडू), अपवाद ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखे मोजके शब्द. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा मराठी शब्दात दीर्घ, पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेल्या शब्दांत मूळचा ठेवायचा: म्हणून ‘गुण’ आणि ‘विरुद्ध’ ऱ्हस्व, ‘पूर्ण’ दीर्घ. ‘जिंकून, हरून, घेऊन’ यांतला ऊ नेहमी दीर्घ. आणि ‘केले’ लिहायचं की ‘केलं’? बोलल्यासारखं लिहायचं असेल तर अनुस्वार, औपचारिक लिहायचं असेल तर ‘केले’. एका वृत्तान्तात दोन्हींची सरमिसळ तेवढी टाळा.

गोलसंख्येभोवती एक बारीक मेळ असतो, तो चुकला की वाक्य लंगडतं: ३-० असा विजय, ३-० अशी मात, ३-० असं हरवलं. पुढच्या शब्दाचं लिंग बघून ‘असा-अशी-असं’ ठरतं. ‘३-० अशा फरकाने’ नको, कारण फरक तीन गोलांचा असतो. हरल्यावर ‘१-० ने हरलो’ की ‘०-१’ यावरही तंटा होतो. फलकावर त्याला सोपं उत्तर आहे: दोन्ही नावं लिहा. ‘बांगलादेश १, भारत ०’. यजमान आधी, पाहुणे नंतर, ही फुटबॉलमधली रूढ पद्धत.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे लाल मार्करच्या नजरेतून बहुतेक वेळा सुटतं. मराठीत ‘आशिया चषक’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे क्रिकेट येतं. म्हणून ‘आशियाई चषक (फुटबॉल)’ असं पूर्ण लिहा. त्याची आणि आशियाई क्रीडा स्पर्धांची गल्लत करू नका. भारताची फुटबॉलमधली दोन सुवर्णपदकं, १९५१ ला दिल्लीत इराणला १-० असं हरवून आणि १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून, ही क्रीडा स्पर्धांमधली. आशियाई चषकात भारताची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे १९६४ चं उपविजेतेपद. ‘भारत दोनदा आशियाई चषक जिंकला’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आणि तरी साफ खोटं आहे. स्पर्धेच्या नावातलं वर्ष आणि सामन्याचं वर्षही वेगळं असू शकतं. २०२३ चा आशियाई चषक कतारमध्ये खेळला गेला तो २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत. भारत तिथे ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियाकडून हरला, एकही गोल न करता.

पेनल्टी शूटआउटही नीट लिहा. ४ जुलै २०२३ ला बंगळुरूत सॅफ या दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि कुवेत १-१ असे बरोबरीत राहिले आणि शूटआउटमध्ये भारत ५-४ असा पुढे गेला. नियमांनुसार शूटआउट सामना संपल्यानंतर होतं. त्यामुळे सामना बरोबरीत आणि स्पर्धा भारताने जिंकली, हे अचूक. ‘भारताने सामना ५-४ असा जिंकला’ हे चूक, त्यातून नऊ गोल झाल्याचा समज होतो. इथे बालेवाडीतही असंच झालं होतं. २०२२ च्या महिला आशियाई चषकाच्या उपांत्य फेरीत चीन आणि जपान जादा वेळेनंतर २-२ होते, आणि चीन शूटआउटमध्ये ४-३ असा पुढे गेला. ‘जादा वेळ’ हा शब्द फक्त पंधरा-पंधरा मिनिटांच्या त्या दोन सत्रांसाठी राखून ठेवा. नव्वद मिनिटांनंतर पंच जी तीन-चार मिनिटं देतात ती ‘भरपाई वेळ’. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ९०+३ मिनिटाला झालेला गोल वाचणाऱ्याला ९३व्या मिनिटाचा, म्हणजे जादा वेळेतला वाटतो.

खेळाडूंना एकेरी की आदरार्थी? मराठी वर्तमानपत्रांत खेळाडूला बहुधा एकेरीच म्हणतात, त्यात अनादर नसतो: ‘छेत्रीने गोल केला’. प्रशिक्षकांना आदरार्थी: ‘खालिद जमील यांनी संघ निवडला’. सुनील छेत्रीने ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला आणि मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध परत येऊन गोलही केला. त्याच्याबद्दल एका ओळीत ‘छेत्री’ आणि पुढच्या ओळीत ‘छेत्री यांनी’ असं झालं तर वाचणाऱ्याला दोन माणसं वाटतील. काय ठरवाल ते ठरवा, पण शेवटपर्यंत तेच.

‘आपण हरलो’ की ‘भारत हरला’? फलकावर ‘भारत’. खोलीत ‘आपण’ मनसोक्त म्हणा, तिथे ते हवंच. जिंकल्यावर ‘आपण’ आणि हरल्यावर ‘यांनी घालवलं’ असं कुणी म्हणत असेल तर ते व्याकरण नव्हे, रुसवा आहे. त्यालाही सामन्यानंतरच्या दहा मिनिटांत उत्तर देऊ नका.

त्या दिवशीचा फलक असा होऊ शकला असता:

*१८ नोव्हेंबर २०२५, ढाका. आशियाई चषक (फुटबॉल) पात्रता फेरी. बांगलादेश १, भारत ०. भारत ढाक्यात हरला. संघाने चुका केल्या, पण तो शेवटपर्यंत लढला.*

त्याखाली दोन ओळी मोकळ्या ठेवा आणि त्या कोल्हापूरच्या मुलाला द्या. बचाव कुठे उघडा पडला, कुठला बदल उशिरा झाला, मधल्या फळीत चेंडू का टिकला नाही, हे त्याने लिहावं. त्या ओळी सरांनी तपासाव्यात, पण फक्त नावं, आकडे आणि ऱ्हस्व-दीर्घ यांपुरत्या. वाक्याचा बाज त्याचाच राहू दे.

आणि सरांनी सवयीने पुन्हा लाल मार्कर उचलला तर? चूक खरी असेल तर तिथल्या तिथे पुसून बरोबर शब्द काळ्या शाईत लिहा, लाल गोल दिवसभर लटकत ठेवू नका. चूक नसून दुसरं मान्य रूप असेल, ‘स्पर्धा जिंकला’सारखं, तर लाल गोल पुसा आणि लिहिणाऱ्याचा शब्द तसाच राहू द्या.